जुन्या व्हीएचएस कॅसेटची डीव्हीडी करताना: बिघाड शोधायचा कुठे आणि काढायचा कसा

लग्नाची, मुंजीची, बारशाची कॅसेट घरच्या घरी डिजिटल करायला बसलं की काहीतरी अडतंच. चित्र काळं-पांढरं येतं, पडद्याच्या वरच्या भागात माणसांची डोकी एका बाजूला ओढल्यासारखी दिसतात, आवाज येतच नाही, नाहीतर तासाभराने मंगलाष्टकं एकीकडे आणि अक्षता दुसरीकडे होतात. मग केबल बदला, सॉफ्टवेअर बदला, नवं यंत्र मागवा असा खटाटोप सुरू होतो आणि त्यात कॅसेट उगाचच दहादा पुढेमागे फिरते. तिला तेवढं आयुष्य उरलेलं असतंच असं नाही.

कॅसेटपासून डिस्कपर्यंत पाच टप्पे आहेत: कॅसेट, व्हीसीआर, केबल, कॅप्चर यंत्रासह (व्हीसीआरचा सिग्नल कॉम्प्युटरला कळेल असा करणारी डबी) कॉम्प्युटर आणि शेवटी डिस्क. बिघाड बहुतेक वेळा यांतल्या एकाच ठिकाणी असतो. तो कुठे आहे हे ठरवल्याशिवाय कशालाच हात लावू नका, एवढं पाळलंत तर निम्मं काम झालं.

ठरवायचं असं. व्हीसीआर थेट टीव्हीला जोडा आणि कॅसेट लावा. दोष टीव्हीवरही दिसला तर तो कॅसेटमध्ये किंवा व्हीसीआरमध्ये आहे. मग दुसरी, फारशी मोलाची नसलेली कॅसेट लावून बघा. तीही तशीच दिसली तर व्हीसीआर दोषी, ती नीट चालली तर कॅसेट. टीव्हीवर सगळं स्वच्छ आणि कॉम्प्युटरवरच गोंधळ असेल तर केबल, कॅप्चर यंत्र आणि सेटिंग तपासा. यात एक मेख आहे. टीव्ही, त्यातही जुना डबा टीव्ही, डळमळीत सिग्नल खपवून घेतो आणि कॅप्चर यंत्र घेत नाही. त्यामुळे टीव्हीवर ठीक दिसलेली कॅसेट कॉम्प्युटरवर अडखळली तर लगेच कॉम्प्युटरला दोष देऊ नका. त्याबद्दल पुढे सांगतो.

सामान

व्हीसीआर किंवा व्हीसीपी, पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची एव्ही केबल, यूएसबी कॅप्चर यंत्र (बाजारात त्याला ‘ईझीकॅप’ म्हणूनच मागतात, कंपनी कोणतीही असो), कॉम्प्युटर आणि त्यात भरपूर मोकळी जागा. व्हीसीपीवर रेकॉर्डिंग होत नाही म्हणून पूर्वी लोक त्याला कमी लेखायचे. आपल्या कामाला मात्र तोच निर्धोक, कारण चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाऊन मूळ चित्रीकरण पुसण्याची भीतीच नाही.

नवा व्हीसीआर मिळणार नाही. जपानची फुनाई ही शेवटची उत्पादक कंपनी, तिने 2016 च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे नातेवाइकांचे माळे, मुंबईत चोरबाजार, पुण्यात जुना बाजार किंवा ऑनलाइन जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री, एवढेच मार्ग उरतात. विकत घेताना कॅसेट आत घेतो का, चित्र दाखवतो का, पूर्ण रिवाइंड करतो का आणि कॅसेट परत बाहेर देतो का, या चारही गोष्टी समोर करून बघा. चौथी सर्वांत महत्त्वाची. आतल्या रबरी पट्ट्या वर्षानुवर्षं पडून सैल किंवा चिकट होतात. मग यंत्र कॅसेट गिळतं पण परत देत नाही, किंवा टेप बाहेर लोंबत ठेवून कॅसेट ओकतं. पट्ट्या बदलणारे कारागीर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास चौकशी केली तर अजूनही सापडू शकतात.

कॅसेट यंत्रात घालण्याआधी

या टप्प्यावर दहा मिनिटं खर्च करायला लोक कंटाळतात आणि भरून न येणारं नुकसान इथेच होतं.

आधी कॅसेटच्या कण्यावरची, म्हणजे लेबल लावतात त्या कडेवरची, छोटी प्लॅस्टिकची पट्टी बघा. ती शाबूत असेल तर त्या कॅसेटवर अजून रेकॉर्ड होऊ शकतं. पेचकसाने ती मोडून टाका. तिच्या जागी खाच असलेल्या कॅसेटवर व्हीसीआर रेकॉर्ड करत नाही.

मग खिडकीतून आतल्या टेपच्या गुंडाळीकडे, विजेरीच्या उजेडात, तिरक्या कोनातून बघा. निरोगी गुंडाळी काळी किंवा गडद तपकिरी, गुळगुळीत आणि एकसारखी दिसते. पांढरे ठिपके, भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कोकण, गोवा, मुंबई, जिथे पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते, तिथल्या कपाटातल्या कॅसेटमध्ये हे सर्रास आढळतं. अशी कॅसेट ‘एकदा लावून तर बघू’ म्हणून लावू नका. बुरशी हेडवर, म्हणजे यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या टोकांवर, बसते, चित्र नाहीसं होतं आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला तिचा प्रसाद मिळतो. चिकटलेले वेढे सुटताना टेप फाटते ते वेगळंच.

बुरशी लागलेली कॅसेट इतरांपासून वेगळी काढा, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात काही दिवस ठेवा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. बुरशी वाळली की तिची भुकटी होते आणि मग ती पुसता येते. गाद्या उन्हात टाकतो तशी कॅसेट उन्हात टाकायचा मोह होईल, तो आवरा. उष्णतेने कवच वाकतं आणि टेप आकसते. पुसायचं काम म्हणजे बळी द्यायला ठेवलेल्या जुन्या यंत्रात किंवा व्हिडिओ लायब्ररीवाले वापरत त्या सुट्या रिवाइंडरमध्ये टेप सावकाश फिरवायची आणि धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने दोन्ही बाजू पुसत न्यायची. तोंडाला मास्क लावून, घराबाहेर. पहिल्यांदाच करत असाल आणि कॅसेट एकुलती एक असेल तर हे काम जाणत्याकडे द्या असंच मी सांगेन.

बुरशी नसलेली पण वर्षानुवर्षं न फिरवलेली कॅसेट लावण्याआधी एकदा शेवटापर्यंत फॉरवर्ड आणि मग पूर्ण रिवाइंड करून घ्या. वेढ्यांचा ताण सारखा होतो आणि चित्राची थरथर कमी होते. मध्येच यंत्राचा आवाज जड झाला तर थांबवा, जबरदस्ती नको.

हवामानाचंही भान ठेवा. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणलेल्या कॅसेटवर आणि यंत्रावर बाष्प धरतं, ओली टेप हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला चिकटते. काही व्हीसीआरमध्ये हे ओळखणारा सेन्सर असतो आणि तो यंत्र चालूच होऊ देत नाही. लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. दोन तास तसंच राहू द्या. हे सगळं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत काढलं तर उत्तम, श्रावणात नको.

व्हीसीआरची सफाई

पडद्यावर बर्फ पडल्यासारखं दिसतंय आणि आवाज मात्र स्वच्छ आहे, तर हेड घाण झालंय असं जवळजवळ धरून चाला. व्हीएचएसमध्ये चित्र फिरत्या ड्रमवरची हेड वाचतात आणि साधा आवाज वेगळं, स्थिर हेड वाचतं, म्हणून एक बिघडतं आणि दुसरं टिकतं.

1. प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही. वरचं झाकण उघडा. मध्ये किंचित तिरका बसवलेला चकचकीत धातूचा गोल ड्रम दिसेल.

2. इलेक्ट्रॉनिक्सच्या किंवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, जितकं शुद्ध तितकं बरं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात चिकट पदार्थ असतात. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको.

3. कोऱ्या पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापून अल्कोहोलने भिजवा आणि ड्रमच्या बाजूला हलकेच टेकवून स्थिर धरा. दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून सावकाश फिरवा. फिरायचं ड्रमने, कागदाने नाही. कागद वर-खाली घासलात तर हेडचं केसासारखं टोक तुटेल आणि त्यावर दुरुस्ती नाही.

4. कागदावर काळ्या-तपकिरी रेघा उमटतील. नव्या पट्टीने पुन्हा करा, रेघा थांबेपर्यंत.

5. कान साफ करायचा कापसाचा बोळा ड्रमला लावू नका, धागा हेडमध्ये अडकतो. टेपच्या वाटेवरचे बाकीचे धातूचे खांब आणि आवाजाचं स्थिर हेड पुसायला मात्र तो चालतो.

6. सगळं पूर्ण वाळल्यावर, अर्ध्या तासाने, बिनमोलाची कॅसेट लावून तपासा.

बाजारात मिळायच्या त्या कोरड्या ‘हेड क्लीनर’ कॅसेट माझ्या मते टाळाव्यात. त्या खरवडून साफ करतात आणि जुन्या हेडला तेवढं खरवडणं परवडत नाही.

चित्राच्या तक्रारी

आडवा पांढरा खरखरीत पट्टा पडद्यावर येतो आणि सरकतो: ट्रॅकिंग चुकलंय, म्हणजे हेड टेपवरच्या रेकॉर्डिंगच्या रेघेवर नेमकं येत नाही. रिमोटवरचं किंवा यंत्रावरचं ट्रॅकिंगचं बटण एकेक टप्पा दाबत पट्टा पडद्याबाहेर जाईपर्यंत हलवा. एकाच कॅसेटवर दोन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण असेल (साखरपुडा एका फोटोग्राफरचा, लग्न दुसऱ्याचं) तर मध्येच पुन्हा जुळवावं लागतं. स्वयंचलित ट्रॅकिंग सतत हेलकावे खात असेल तर ते बंद करा.

पडद्याच्या अगदी तळाशी पातळ, फाटकी, थरथरती पट्टी: हा बिघाडच नाही. व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्यावर जातो ती ही जागा. जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड लपवत, म्हणून ती कधी दिसली नाही. शेवटी संपादनात तेवढा भाग काळ्या पट्टीने झाका आणि विसरा.

वरच्या भागात चित्र एका बाजूला वाकणं, उभ्या रेषा नागमोडी होणं: टेप ताणली गेल्याने किंवा यंत्राचा ताण बिघडल्याने प्रत्येक रेषा ठरल्या वेळी सुरू होत नाही. टीव्ही हे सांभाळून घेतो आणि कॅप्चर यंत्र घेत नाही, असं वर म्हटलं ते हेच. यावरचं खरं औषध म्हणजे टाइम बेस करेक्टर, प्रत्येक रेषा वेळेवर आणून सोडणारं यंत्र. काही महागड्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा सुधारित प्रकार) व्हीसीआरमध्ये तो आतच असतो, सुटा घ्यायचा तर खर्चिक आहे. घरगुती तोड अशी की कोणाकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडून असेल तर व्हीसीआर त्याला जोडा आणि रेकॉर्डरच्या आउटपुटमधून कॅप्चर यंत्राला सिग्नल द्या. काही रेकॉर्डर, विशेषतः पॅनासॉनिकची ईएस 10 आणि ईएस 15 ही मॉडेलं, रेषा बऱ्यापैकी सरळ करून पुढे पाठवतात. डिस्क त्यात घालायचीही गरज नाही.

चित्र काळं-पांढरं येतं किंवा खालून वर लोळत राहतं: दहातल्या आठ वेळा हे सेटिंगचं काम असतं. सॉफ्टवेअर आपलं आपण अमेरिकेची एनटीएससी पद्धत धरून बसतं. आपल्याकडे पाल: 625 रेषा आणि सेकंदाला 25 चित्रं. एनटीएससीत 525 रेषा आणि 30 ला किंचित कमी चित्रं. व्हिडिओ स्टँडर्डच्या यादीत पाल-बी निवडा, झालं. तरीही काळं-पांढरंच येत असेल तर इनपुटमध्ये ‘एस-व्हिडिओ’ निवडलंय का बघा. पिवळी पिन जोडली असेल तर ‘कंपोझिट’ हवं. आणि हो, पिवळी पिन खरोखरच पिवळ्या भोकात आहे ना?

मधूनमधून निळा पडदा: सिग्नल कमकुवत झाला की बरेच व्हीसीआर स्वतःच निळा रंग दाखवतात. मेन्यूत ‘ब्लू बॅक’ बंद करता येतं. खरखरीत का होईना, चित्र मिळालेलं बरं.

डीव्हीडी रेकॉर्डर ‘कॉपी करण्यास मनाई’ असं सांगून थांबतो, आणि कॅसेट तर तुमच्याच मुंजीची आहे! विकतच्या सिनेमांच्या कॅसेटवर नक्कल रोखणारा मॅक्रोव्हिजन नावाचा बिघडवलेला सिग्नल असे. झिजलेल्या घरगुती टेपचा डळमळीत सिग्नल रेकॉर्डरला तसाच भासतो. हेड साफ करा, ट्रॅकिंग जुळवा, दुसऱ्या व्हीसीआरवर लावून बघा. विकतच्या सिनेमाची कॅसेट असेल तर तो वेगळा, कायद्याचा विषय आहे, त्यात मी पडत नाही.

आवाज

आवाज अजिबात नसेल तर विंडोजमध्ये आधी मायक्रोफोनची परवानगी तपासा. कॅप्चर यंत्राचा आवाज विंडोज मायक्रोफोनच्या खात्यात धरतं, आणि प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ती परवानगी बंद असेल तर चित्र येतं आणि आवाज गायब. लोक यापायी नवी केबल घेऊन येतात.

एकाच कानात आवाज: व्हीसीआर मोनो आहे, एवढंच. त्याची एकुलती पिन पांढऱ्या भोकात बसते आणि उजवी बाजू मुकी राहते. नंतर संपादनात डावा आवाज दोन्हीकडे द्या.

सतत ‘हूं’ असा गुणगुणाट: अर्थिंगचा घोळ. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेला तर दोष सापडला. व्हीसीआरला केबल टीव्हीची वायर जोडलेली असेल तर तीही काढा.

हाय-फाय व्हीसीआरवर आवाज फडफडत असेल तर मेन्यूत ‘नॉर्मल’ किंवा ‘मोनो’ निवडा. हाय-फाय आवाज फिरत्या हेडने, चित्राबरोबर वाचला जातो आणि ट्रॅकिंग जरा हललं की तुटतो. साधा आवाज टेपच्या वरच्या कडेला सरळ पट्टीत असतो, दर्जाने कमी पण खंबीर. अर्थात ती कड चुरगळलेली असेल तर नेमका तोच जातो.

लग्नाच्या कॅसेटवर खरे आवाज फार थोडे असतात. सप्तपदीवर सनई, वरातीवर सिनेमाची गाणी, मध्येच बदामाच्या आकारात वधूवर. ते फोटोग्राफरने मिक्सिंगमध्ये केलेलं आहे, खालचा मूळ आवाज बहुतेकदा परत मिळत नाही. त्यासाठी बटणं शोधत बसू नका. पुढे हाच व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तर त्या गाण्यांवरून स्वामित्वहक्काची नोटीस येऊ शकते, हे मात्र ध्यानात असू द्या.

कॉम्प्युटरवर

सुरुवातीला आवाज आणि ओठ जुळतात, पुढे पुढे आवाज मागे पडतो किंवा धावतो. याचा अर्थ मध्ये चित्रांच्या चौकटी गळल्या. कॅप्चर यंत्र यूएसबी हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरला लावा, बाकीचे प्रोग्राम बंद करा, अँटीव्हायरसचं स्कॅन त्या वेळात चालू नको आणि फाइल संथ पेनड्राइव्हवर न घेता आतल्या हार्डडिस्कवर घ्या. आवाजाचा दर 48 किलोहर्ट्‌झ ठेवा. गळती थांबत नसेल तर अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे घेऊन जोडा, तुकड्यात फरक साचायला वेळ मिळत नाही.

फाइल बरोबर 4 जीबीला थांबते: ड्राइव्ह फॅट 32 पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. आतला मजकूर दुसरीकडे हलवून तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा.

वीज गेली, लॅपटॉप झोपी गेला, प्रोग्राम बंद पडला आणि अडीच तासांची एमपी 4 फाइल उघडतच नाही. ओबीएस स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्ही स्वरूपात घ्या; मध्येच तुटलं तरी तोवरचा भाग वाचतो. स्लीप मोड आधीच बंद करून ठेवा.

हलणाऱ्या माणसांच्या कडांना फणीसारखे दाते दिसतात. पाल चित्रात एक चौकट दोन अर्ध्यांची (फील्डची) असते: आधी विषम रेषा, मग सम. यालाच इंटरलेस्ड म्हणतात. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो म्हणून दाते दिसतात. ओबीएसमध्ये सोर्सवर उजवी टिचकी मारून डीइंटरलेसिंगमध्ये ‘याडिफ 2एक्स’ निवडा आणि सेकंदाला 50 चौकटी ठेवा, हालचाल टीव्हीसारखी वाहती दिसते. चित्र पुढेमागे हिसके देत असेल तर फील्डचा क्रम उलटा झालाय, तो बदला. पण एक लक्षात घ्या: हे मोबाइल आणि कॉम्प्युटरवर बघायच्या फाइलसाठी. डीव्हीडी-व्हिडिओला मूळ इंटरलेस्ड चित्रच चालतं आणि टीव्ही ते नीट दाखवतो, म्हणून डिस्कसाठी दाते काढायला जाऊ नका. शक्य असेल तर पहिलं कॅप्चर इंटरलेस्डच ठेवून त्यातून दोन्ही प्रती करा. व्हर्च्युअलडबसारख्या सॉफ्टवेअरने ते गुणवत्ता न गमावणाऱ्या कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत) घेतलं तर तासाला साधारण 30 ते 35 जीबी लागतात. जागा नसेल तर सेकंदाला 8 मेगाबिटच्या एमपेग-2 मध्ये घ्या, तासाला साडेतीन जीबीच्या आसपास काम भागतं.

अमेरिकेहून आलेली कॅसेट

न्यू जर्सीच्या काकांनी नव्वदच्या दशकात पाठवलेली नातवाच्या वाढदिवसाची कॅसेट आपल्या व्हीसीआरवर वेड्यावाकड्या रेघा दाखवते, कारण ती एनटीएससी आहे. तिला एनटीएससी ओळखणारा व्हीसीआर लागतो. आखाती देशांतून नोकरी करून परतलेल्यांकडे बहुपद्धतीचे व्हीसीआर असतात, आधी त्यांना विचारा. बरेच नंतरचे पाल व्हीसीआरही एनटीएससी कॅसेट वाजवतात, पण बाहेर देतात ते धड पाल नसतं आणि धड एनटीएससी नसतं. टीव्ही ते दाखवतो, कॅप्चर यंत्र मात्र काळं-पांढरं करतं. सेटिंगच्या यादीत ‘पाल-60’ किंवा ‘एनटीएससी 4.43’ असं काही असेल तर ते निवडून बघा. खुद्द अमेरिकेतून व्हीसीआर मागवलात तर तो 110-120 व्होल्टचा असतो, आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये सरळ खुपसला तर धूर निघेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

टेप अडकली किंवा तुटली

व्हीसीआरने टेप खाल्ली तर ओढू नका. प्लग काढा, झाकण उघडा, टेप खांबांवरून बोटाने अलगद सोडवा आणि कॅसेटचं चाक फिरवून आत घ्या. थोड्या सुरकुत्या पडल्या असतील तर तो भाग चालतो, क्षणभर खरखर येते. तुटली असेल तर चुरगळलेला तुकडा कापून टोकं जोडता येतात, पण चिकटपट्टीने नव्हे. तिचा गोंद पाझरतो आणि हेडवर बसतो. चुंबकीय टेप जोडायची खास स्प्लाइसिंग टेप मिळते, ती कॅसेटच्या आतल्या अंगाला तोंड असलेल्या बाजूवर लावा. बाहेरची बाजू रेकॉर्डिंगची, तीच ड्रमला टेकते. जोड असलेली कॅसेट एकदाच वाजवायची, तीही कॅप्चर करतानाच. कवच फुटलं असेल तर पाच स्क्रू काढून टेपची चाकं दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवता येतात. उघडण्याआधी आतला मोबाइलवर फोटो काढा, नाहीतर ती बारकी स्प्रिंग कुठली हे कळत नाही.

डिस्क

‘कॉम्प्युटरवर चालते, डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही.’ तुम्ही फाइल नुसती कॉपी केली आहे. प्लेअरला डीव्हीडी-व्हिडिओ हवी: 720 गुणिले 576 चं एमपेग-2 चित्र आणि डिस्कवर व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर. डीव्हीडी ऑथरिंगचं सॉफ्टवेअर हे करून देतं.

डीव्हीडी रेकॉर्डरवर केलेली डिस्क फक्त त्याच रेकॉर्डरवर चालते, तर ‘फायनलाइज’, म्हणजे इतर प्लेअरना वाचता येईल अशी डिस्क पक्की, करायचं राहिलंय. ते त्याच रेकॉर्डरमध्ये उरकून घ्या, दुसऱ्यात सहसा होत नाही.

चित्र चौकोनी ठोकळ्यांचं दिसतं, तर एका डिस्कमध्ये फार कोंबलंय. 4.7 जीबीच्या डिस्कवर दोन तास भरले तर सेकंदाला जेमतेम 5 मेगाबिट वाट्याला येतात, तीन तास भरले तर साडेतीन. जुन्या टेपच्या खरखरीवरच त्यातले निम्मे खर्च होतात. म्हणून ई-180 ची, म्हणजे तीन तासांची, भरलेली कॅसेट दोन डिस्कवर विभागा, सीमांतपूजन ते लग्न पहिल्यावर आणि स्वागत समारंभ दुसऱ्यावर.

सगळे पाहुणे जाडे दिसतात: 4:3 चं चित्र रुंद टीव्हीवर ताणलं गेलंय. फाइल करताना गुणोत्तर 4:3 ठेवा आणि टीव्हीचं ‘वाइड’ बंद करा. बाजूला काळ्या पट्ट्या राहतील, राहू द्या.

डिस्क अडखळत असेल तर 16 च्या वेगाऐवजी 4 किंवा 8 च्या वेगाने बर्न करा आणि शेवटी ‘व्हेरिफाय’ची खूण ठेवा. वर कागदी लेबल चिकटवू नका, डिस्कचा तोल जातो. बाकी, नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कची जागाच नसते. त्यामुळे डीव्हीडी ही आत्याला द्यायची प्रत समजा, मूळ फाइल दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवा.

दुकानात द्यायचं ठरवलंत तर

बुरशी, तुटलेली टेप किंवा एकच कॅसेट असेल तर दुकानच बरं. देताना कॅसेट मोजून, प्रत्येकीवर नंबर टाकून, फोटो काढून द्या. विचारायचे प्रश्न थोडे आहेत: बुरशी असेल तर आधी साफ करणार का? चित्र कोणत्या यंत्रावर घेणार? नुसती डीव्हीडी देणार की मोठी फाइलही? ‘आम्ही एचडी करून देतो’ याने हुरळून जाऊ नका. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील सुमारे 240 रेषांचाच असतो, मोठ्या आकाराने तो वाढत नाही. आणि दोन हजारच्या दशकात करून घेतलेली व्हीसीडी घरात आहे म्हणून कॅसेट टाकून दिली असेल तर ती अजून शोधा. व्हीसीडीचं चित्र 352 गुणिले 288 चं, म्हणजे डीव्हीडीच्या चौथाईच्या आसपास. कॅसेट सापडली तर तिच्यावरूनच नव्याने करून घ्या. काम झाल्यावर फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी उघडून बघा, आवाज जुळतोय का ते मुद्दाम शेवटच्या पाच मिनिटांत तपासा, आणि मूळ कॅसेट मोजून परत घ्या.